ज्याचं नाटक, त्याची खुर्ची

बोलता बोलता अडलेल्या माणसाच्या शेजारी भाऊ उभे असले, तर त्या माणसाने सावध राहणे इष्ट होते. कारण पुढचा शब्द ते पुरवीत, आणि तो शब्द बहुधा त्या माणसाने मनात टाळलेला असे.

मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असताना ते आमच्या महाविद्यालयात, अमरावतीला, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. निवृत्तीला वर्षभर उरले होते. प्राचार्यांपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळे त्यांना भाऊ म्हणत. एकदा आमचे एक प्राध्यापक प्रात्यक्षिकाला पाऊण तास उशिरा आले. "काय करणार, घरी सकाळी सकाळी..." असे म्हणून ते खिशात रुमाल शोधू लागले. मागे भिंगे पुसत उभे असलेले भाऊ अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "भांडण."

"भांडण झालं," प्राध्यापक म्हणाले, आणि स्वतःच दचकले.

वर्ग हसला. भाऊ हसले नाहीत. त्यांनी पुढचे भिंग उचलले.

भाऊंचा खरा व्यवसाय हाच होता. शहरातल्या हौशी नाट्यसंस्थेत ते वर्षानुवर्षे प्रॉम्प्टर होते. विंगेत बसून नट विसरला की त्याला वाक्य देणारे. हातात संहितेची वही आणि लाल जिलेटिन गुंडाळलेली छोटी टॉर्च. आवाज असा, की नटाला ऐकू जाई आणि पहिल्या रांगेला जात नसे. ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने हे कसे साधते याचा मी विचार केला आहे. त्यांचे बरेचसे काम आवाजाने होतच नव्हते, ओठांनी होत होते, असे माझे अनुमान आहे. मात्र नटाची पाठ त्यांच्याकडे असतानाही ते कसे साधत असे, हे त्या अनुमानात बसत नाही.

त्यांचे दोन नियम होते. पहिला: फक्त नवे नाटक. गाजलेल्या जुन्या नाटकाचा पास कोणी दिला, तर ते तो टेबलावरच ठेवून जात. "त्याच्यात पाहाचं काय बाकी राहिलं? रडाचं कुठं ते लोकायले आधीच ठाऊक असते," ते म्हणत. नव्या नाटकाचा पहिला प्रयोग त्यांना हवा असे, आणि तोही आजच्या माणसांवरचा: पाळणाघरात मूल ठेवून परीक्षेला जाणारी बाई, निवृत्तीनंतर घरात नकोसा झालेला बाप, गावात विहिरीवरून तुटलेली दोन घरे. असे नाटक कसे पाहावे हे मला त्यांनीच शिकवले. "बोलणाऱ्याले कशाले पाहते? त्याले लेखकानं पाहूनच ठेवलं हाय. जो ऐकून राहिला, त्याचे हात पाह्य." हा निकष मी त्यानंतर अनेक प्रयोगांना लावून पाहिला आहे. वाईट नाटकात ऐकणाऱ्या नटाचे हात आपल्या वाक्याची वाट पाहत असतात. चांगल्या नाटकात ते कशाची तरी भीती बाळगून असतात.

टाळी ते कधीच वाजवीत नसत. पडदा पडल्यावर एखादे वाक्य बोलत, तेवढेच. "दुसऱ्या अंकात बाप खरं बोलला. बाकी समद्यायनं पाठ केलं होतं." नट त्या एका वाक्यासाठी थांबून राहत. परीक्षकांचे गुण नंतर कळत. भाऊंचे वाक्य आधी.

दुसरा नियम विचित्र होता. नाटक ज्याच्या आयुष्यावरून उचलले, त्याच्यासाठी तिसऱ्या रांगेत एक खुर्ची राखून ठेवायची. माणूस जिवंत असेल तर लेखकाने त्याला विचारायचे आणि बोलवायचे. माणूस गेलेला असेल तर खुर्ची रिकामी ठेवायची. प्रयोगाच्या दोन तास आधी भाऊ मोकळ्या नाट्यगृहात जात, त्या खुर्चीची बैठक हाताने खाली दाबून पाहत, सोडत, आणि तिच्या पाठीला सुतळी बांधून येत. संस्थेतली मुले त्यांची थट्टा करीत.

"भाऊ, एक खुर्ची आमच्या घरच्यांसाठी पण बांधा ना. पास भेटून नाही राहिले."

"तुह्यावर कोणी नाटक लिहू दे, मंग बांधतो. पण तू असं केलं काय हाय रे, लिहासारखं?"

थट्टा होई, पण खुर्ची न बांधता प्रयोग सुरू करण्याची छाती कोणाचीच नव्हती.

या नियमाचे मूळ मी त्यांच्याकडून एकदाच ऐकले. तरुणपणी अचलपूरला एका नव्या नाटकाच्या वेळी ते दारावर होते. नवऱ्याने टाकलेल्या एका बाईची गोष्ट होती, त्याच गावातली. नाट्यगृह भरले होते. उशिरा एक बाई आली, तिकीट नव्हते, भाऊंनी तिला आत सोडले नाही. ती गेली नाही. बंद दाराला कान लावून उभी राहिली. तिसऱ्या प्रवेशात आतून मोठ्याने रडण्याचा आवाज आला.

"मले इचारलं तिनं, 'आतमंदी कोण रडून राहिलं?' म्या म्हटलं, नटी हाय, नाटकातली बाई. तं ते म्हणते, 'मी तं रडली नव्हती.'" भाऊ सुतळी गुंडाळू लागले. "मंग मले समजलं, दारावर कोण उभं हाय ते. दार उघडलं तं ते पायऱ्या उतरून गेली होती."

एवढेच. त्या बाईचे पुढे काय झाले, हे मी विचारले नाही.

आता विदेविषयी, म्हणजे मी स्वतः पाहिले-मोजले त्याविषयी. भाऊंच्या ओळखीने मी त्या नाट्यसंस्थेत गेल्यावर पहिलाच प्रयोग पाहिला तो खांबावर मरण पावलेल्या एका कंत्राटी वायरमनवरचा होता. तिसऱ्या रांगेत सुतळी बांधलेली खुर्ची होती. नाट्यगृहातल्या या खुर्च्यांच्या बैठका स्प्रिंगच्या असतात. माणूस उठला की बैठक आपोआप वर जाते. मध्यंतरानंतर मी पाहिले, तर त्या रिकाम्या खुर्चीची बैठक खाली होती. शेवटच्या प्रवेशापर्यंत खालीच राहिली. दिवे लागले तेव्हा ती वर होती.

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेतली वजने पिशवीत घालून नाट्यगृहात गेले. चौकीदाराने मला वेडी ठरवले असावे. त्याची हरकत नाही. बैठक खाली टिकून राहण्यासाठी पुढच्या कडेवर सुमारे अडीच किलो वजन लागत होते. त्या रांगेतल्या दोन खुर्च्यांच्या स्प्रिंगा सैल होत्या. ही त्या दोहोंपैकी नव्हती. कोणी पिशवी ठेवली असेल, असा निष्कर्ष मी वहीत लिहिला आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह काढले. भाऊंना सांगितले, तर ते म्हणाले, "अडीच किलो? एवढंच उरत असंन मंग."

मी हसले. प्रश्नचिन्ह मात्र खोडले नाही.

आता माझ्याविषयी सांगणे भाग आहे. त्यावाचून भाऊंचे चित्र अपुरे राहील.

एम.एस्सी.साठी मी एका मुलीबरोबर खोली घेऊन राहत होते. ती दर्यापूरकडच्या एका गावची. वडील जिल्हा परिषद शाळेत शिक्षक, घर बौद्ध. खोली घेताना तिने घरमालकिणीला नाव सांगितले, वडिलांचे नाव सांगितले, आडनाव सांगितले नाही. मला ते ठाऊक होते. आधीच्या तीन घरांत आडनाव सांगितल्यावर काय झाले, तेही ठाऊक होते. आठ महिने मालकीणबाई तिच्या हाताची भाकरी वाखाणत होत्या. मग एके सकाळी तिच्या जात पडताळणीचे पत्र टपालाने आले आणि बाईंनी ते उघडले. अंगणात तिला उभी करून त्या बोलल्या ते बोलल्या, आणि मग माझ्याकडे वळल्या: "तुला माहीत होतं का?"

मी काहीच बोलले नाही.

एक "हो" पुरेसा होता. त्या "हो"ने ती एकटी खोटारडी ठरली नसती. दोन दिवसांनी ती सामान घेऊन गेली. परीक्षा तोंडावर होती, म्हणून मी त्याच खोलीत राहिले. त्यानंतर आमचे बोलणे झाले नाही.

दोन वर्षांनी मी यावर एकांकिका लिहिली. स्पर्धेची पहिली फेरी अकोल्याला होती आणि मला ती जिंकायची होती. हे लपवण्यात अर्थ नाही. विषय चांगला होता, रचना घट्ट होती. फक्त एक बदल मी केला होता. माझ्या नाटकात मालकीणबाई "तुला माहीत होतं का?" असे विचारतात, तेव्हा मैत्रीण म्हणते, "हो, माहीत होतं. ती जाणार असेल तर मीही जाते." त्यापुढे अर्ध्या पानाचे भाषण होते. मैत्रिणीची भूमिका मीच करणार होते.

पहिल्या वाचनानंतर भाऊंनी वही मिटून विचारले, "कोणाचं हाय हे?"

"माझ्या एका मैत्रिणीचं."

"येईल ना ते? इचारलं तिले?"

प्रवेशिका पाच दिवसांत पाठवायची होती. तिला विचारायचे तर आधी मला ते अंगण आठवावे लागणार होते. मी म्हणाले, "ती आता नाहीये, भाऊ. गेली."

असे मी म्हणाले. जिवंत, माझ्याच वयाच्या मुलीविषयी. ते वाक्य मी इतक्या सहजपणे उच्चारले, की भूमिकेतले एकही वाक्य मला तितके सहज जमले नव्हते.

भाऊंनी वही माझ्या हातात दिली. "मेलेल्या माणसाचं एक बरं असते," ते म्हणाले, "ते नाई म्हणत नाई."

तालमी सुरू झाल्या. प्रत्येक वेळी त्या भाषणापाशी ते पेन्सिल खाली ठेवीत. एकदा मी चिडून कारण विचारले.

"काई नाई वं. हे भाषण कोणी केलं होतं?"

"तिच्या मैत्रिणीनं."

"असं? एवढं नीट बोलली ते, अन् मंग दोघी मिळून घर सोडून गेल्या?"

"हो."

"दोघी?"

मी दुसऱ्या पानावर काहीतरी दुरुस्त करू लागले. माझ्या बाजूला त्यांचे ओठ हलले. आवाज मात्र आला नाही. त्यांनी कोणता शब्द पुरवला होता हे मी पाहिले नाही. पाहायचेच नव्हते.

अकोल्याचा आमचा प्रयोग दुपारी चारचा होता. भाऊ सकाळच्या एसटीने आमच्यासोबत आले. मोकळ्या नाट्यगृहात त्यांनी तिसऱ्या रांगेतली अकरा क्रमांकाची खुर्ची निवडली आणि सुतळी बांधली. ते गेल्यावर मी जाऊन तिची बैठक तपासली. स्प्रिंग कडक होती. दाबून सोडली, की टणकन वर. इथल्या खुर्च्यांच्या बैठकीच्या तळावर पांढऱ्या रंगात क्रमांक लिहिले होते. बैठक वर असली की तो क्रमांक मंचावरून दिसे. मी मंचावर जाऊन पाहून आले. ११ स्पष्ट दिसत होता.

नाट्यगृह जवळजवळ भरले. पहिली वीस मिनिटे प्रयोग उत्तम चालला. वाक्ये बोलता बोलता माझी नजर अधूनमधून त्या दोन पांढऱ्या आकड्यांकडे जाई. आजूबाजूला माणसांचे अंधुक चेहरे आणि मध्ये ११. मला त्याने एक प्रकारचा दिलासा वाटत होता, हे मी नमूद करते. खुर्ची रिकामी होती.

अंगणाचा प्रवेश आला. माझ्या मैत्रिणीचे काम करणारी मुलगी हातात पत्र घेऊन उभी राहिली. मालकीण झालेल्या बाई माझ्याकडे वळल्या. "तुला माहीत होतं का?"

मी उत्तरासाठी मान वर केली, आणि तिसऱ्या रांगेत ११ नव्हता.

बैठक खाली होती. तिच्यावर काय होते ते सांगता येत नाही. प्रकाश माझ्या डोळ्यांवर होता आणि त्या जागी आजूबाजूपेक्षा थोडा दाट काळोख होता. चेहरा नव्हता, किंवा मला दिसला नाही. मात्र कोणीतरी ऐकत आहे हे कळण्यासाठी चेहरा लागत नाही. एकदा वाटले, मांडीवर ठेवलेले दोन हात दिसतात.

वाक्य माझ्या जिभेवर होते. अर्ध्या पानाचे ते सगळे भाषण, स्वल्पविरामांसकट. मी विंगेकडे पाहिले. भाऊ माझ्याकडेच पाहत होते. त्यांनी वही मिटली आणि लाल टॉर्च बंद केली.

"सांग ना," मालकीण झालेल्या बाईंनी प्रसंग सावरण्यासाठी पुन्हा विचारले, "तुला माहीत होतं?" हे वाक्य संहितेत नव्हते. त्या सकाळी खऱ्या मालकीणबाईंनी अगदी असेच दुसऱ्यांदा विचारले होते, हे त्यांना ठाऊक असण्याचे काहीच कारण नव्हते.

मी गप्प राहिले. मग माझ्या मैत्रिणीचे काम करणाऱ्या मुलीने, संहिता सोडून, कोपऱ्यातली पिशवी उचलली आणि ती एकटीच निघून गेली. प्रकाशयोजना पाहणाऱ्याने हळूहळू अंधार केला.

टाळ्या आधी आल्याच नाहीत. मग खूप आल्या. नाट्यगृहातले दिवे लागले तेव्हा ११ आपल्या जागी होता आणि सुतळी तशीच बांधलेली होती. शेजारच्या खुर्च्यांवरल्या नवराबायकोला मी विचारले. मध्ये कोणीच बसले नव्हते, असे ते म्हणाले. त्यातल्या बाईंनी मात्र थंडी वाजत असल्यासारखा पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला होता.

बाहेर अजून उजेड होता. बसस्थानकावर संस्थेतली माणसे चहाला गेली आणि बाकावर भाऊ आणि मी दोघेच राहिलो.

"आवाज का दिला नाही, भाऊ?"

"तू इसरली कुठं होती?"

मी म्हणाले, "खुर्ची खाली होती. तुम्ही पाहिलीत?"

"पाहिली. येतेत मेलेले माणसं कधी कधी. येऊ द्या लागते."

"ती मेलेली नाही, भाऊ. मी खोटं बोलले होते. ती नागपूरला असते."

मी त्यांना इतकी वर्षे पाहत होते. घाबरलेले कधी पाहिले नव्हते. बाकाची कड त्यांनी दोन्ही हातांनी धरली.

"मंग तिथं कोण बसलं होतं?"

मी काही बोलणार तोच ते ओरडले, "फोन लाव. आत्ता लाव. जित्या पोरीले तू मेली म्हटलं अन् म्या तिच्या नावाची खुर्ची बांधली. लाव वं पोरी, लाव!"

मी विज्ञानाची विद्यार्थिनी आहे. कोणी मेले म्हटल्याने माणूस मरत नाही, हे मला कळते. दोन वर्षांत एकदाही न लावलेला नंबर शोधताना माझी बोटे दोनदा चुकली. रिंग वाजू लागली. चार वेळा वाजली, पाच वेळा, सहा वेळा. भाऊ माझ्या हाताकडे पाहत होते.

"हॅलो," ती म्हणाली. आणि मग, "काय वं? आज कशी आठवण आली?"

मला हुंदका आला आणि मी तो आवरला नाही. मग मी सगळे सांगितले: एकांकिका, भाषण, ती मेली असे सांगितलेले खोटे, मी मंचावर गप्प राहिले ते. खुर्चीविषयी सांगितले नाही. मध्येच एकदा मी अडले. भाऊ अगदी शेजारी होते; त्यांनी तोंड दुसरीकडे वळवले आणि शब्द दिला नाही.

"तू कुठं होतीस दुपारी?" मी विचारले.

"इथंच, लॅबमंदी. काहून?"

"काही नाही. मी तुला आधी विचारायला हवं होतं. आता विचारते. हे नाटक करू का?"

ती लगेच म्हणाली, "नाई."

"बरं."

"माझी आई अजून लोकायले सांगते का मीच कॉलेज लांब पडत होतं म्हणून खोली सोडली. तुह्यं नाटक दर्यापूरले गेलं तं तिनं कुठं पाहाचं?"

"बरं. आमच्या लोकांना आत्ताच सांगते. पुढची फेरी मिळाली तरी नाटक होणार नाही."

पलीकडे नळाचे पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता. तो बंद झाला. मी समजले, की ती आता फोन ठेवणार.

"एक सांग," ती म्हणाली. "स्टेजवर किती वेळ गप्प होती तू?"

प्रकाशयोजना पाहणारा प्रत्येक प्रवेशाची नोंद घड्याळ लावून ठेवतो; मी ती पाहून आले होते. "सत्तर सेकंद."

"कमी हाय," ती म्हणाली. "त्या दिवशी जास्त होते."

त्या दिवशी मी मोजले नव्हते. तिने मोजले होते.